विस्सारियन शेबालिन : वाचा गेलेल्या संगीतशिक्षकाचे प्रकरण

१९६५ साली मज्जाविज्ञानाच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात जेमतेम पाच पानांचा एक लेख प्रसिद्ध झाला. मेंदू आणि मन यांचा एकत्र अभ्यास करणारे मॉस्कोचे शास्त्रज्ञ अलेक्झांड्र लुरिया आणि त्यांचे दोन सहकारी, त्स्वेत्कोवा व फुतेर, हे त्याचे लेखक होते आणि विषय होता एका संगीतकाराला झालेला वाचाघात. हा संगीतकार म्हणजे मॉस्को कॉन्झर्वेटरी या संगीत महाविद्यालयाचे माजी संचालक विस्सारियन याकोव्लेविच शेबालिन. मेंदूच्या डाव्या बाजूला झालेल्या इजेमुळे त्यांना लोकांचे बोलणे समजेनासे झाले होते आणि स्वतःचे बोलणेही हाती राहिले नव्हते. तरीही त्यांनी त्याच अवस्थेत एक पूर्ण सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, लिहिली आणि विद्यार्थ्यांच्या रचना तपासण्याचे काम सोडले नाही.

तेव्हापासून भाषा आणि संगीत यांच्या मेंदूतील जागा वेगळ्या असतात, याचा दाखला म्हणून हे प्रकरण वैद्यकीय ग्रंथांतून पुन्हा पुन्हा येते. संगीताच्या इतिहासात शेबालिन यांचे नाव येते ते मात्र दुसऱ्याच कारणासाठी, म्हणजे सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या १९४८च्या ठरावात ज्या सहा संगीतकारांना नाव घेऊन दोषी ठरवले गेले त्यांपैकी एक म्हणून. एका ठिकाणी ते रुग्ण आहेत, तर दुसऱ्या ठिकाणी यादीतले एक नाव. त्यांनी आयुष्याची पस्तीस वर्षे ज्या कामाला दिली ते शिकवण्याचे काम या दोन्ही नोंदींत तळटीपेपुरते उरते. हे प्रकरण मुळात एका शिक्षकाचे आहे असे मला वाटते आणि त्याच बाजूने ते येथे मांडले आहे.

दुसऱ्याचे काम पुरे करणारा हात

शेबालिन यांचा जन्म १९०२ साली सायबेरियातील ओम्स्क येथे, शिक्षकी पेशा असलेल्या घरात झाला. संगीताचे पहिले धडे गावातच गिरवून ते १९२३ मध्ये मॉस्को कॉन्झर्वेटरीत निकोलाय मियास्कोव्स्की यांच्या वर्गात दाखल झाले, १९२८ मध्ये तेथून बाहेर पडले आणि त्याच वर्षापासून तेथेच शिकवू लागले. १९३५ साली ते प्राध्यापक झाले. विद्यार्थिदशेत, १९२४ साली, त्यांची ओळख लेनिनग्राडच्या एका अठरा वर्षांच्या मुलाशी झाली. दिमित्री शोस्ताकोविच हे त्याचे नाव, आणि ती मैत्री अखेरपर्यंत टिकली.

तिशीच्या आसपास त्यांनी केलेली दोन कामे पुढचे प्रकरण समजण्यासाठी महत्त्वाची आहेत. मुसोर्ग्स्की यांचा ‘सोरोचिन्त्सीची जत्रा’ हा ऑपेरा त्यांच्या मृत्यूमुळे अपुरा राहिला होता. शेबालिन यांनी उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे तो पूर्ण केला आणि त्यांची आवृत्ती १९३१ मध्ये रंगमंचावर आली. पुढे १९३७ साली त्यांनी ग्लिंका यांची दोन रशियन धुनींवरील अपुरी सिम्फनी-ओव्हर्चरही पूर्ण केली. दुसऱ्याच्या अर्धवट रचनेत शिरायचे, तिचा मूळ कल ओळखायचा आणि आपला हात कोठेही दिसू न देता ती शेवटाला न्यायची, हे संगीतातील फार अवघड आणि फार कमी श्रेय देणारे काम आहे. विद्यार्थ्याची वही समोर घेतल्यावर रचनेच्या शिक्षकाला नेमके हेच करावे लागते. वहीतले काय बिघडले आहे ते ओळखायचे, पण दुरुस्ती अशी सुचवायची की ती विद्यार्थ्याचीच वाटेल. शेबालिन यांच्या अंगी ही सवय किती खोल मुरली होती, याची परीक्षा पुढे फार कठोरपणे झाली.

स्वरांच्या पलीकडे त्यांचा आणखी एक गुण सांगायला हवा. १९३६ मध्ये ‘प्रावदा’ या पक्षाच्या वृत्तपत्राने शोस्ताकोविच यांच्या ऑपेऱ्यावर झोड उठवली. त्यानंतर भरलेल्या संगीतकारांच्या सभांमध्ये त्यांचा निषेध करणे हा जणू प्रत्येक वक्त्याचा रिवाज झाला होता. त्यांच्या पत्नी अलिसा शेबालिना यांच्या आठवणींप्रमाणे, शेबालिन यांनी अशाच एका सभेत उठून शोस्ताकोविच हे या काळातील सर्वांत प्रतिभावान संगीतकार आहेत असे सांगितले, आणि त्यानंतर काही काळ त्यांची स्वतःची रचनाही कार्यक्रमांतून वाजेनाशी झाली.

छप्पर आणि पाया

१९४२ साली, ऐन युद्धात, शेबालिन मॉस्को कॉन्झर्वेटरीचे संचालक झाले. संस्थेचा बराच भाग मॉस्कोबाहेर हलवलेला होता, माणसे विखुरलेली होती, इमारत मोडकळीला आली होती. १९४३ मध्ये त्यांनी शोस्ताकोविच यांना मॉस्कोला शिकवायला बोलावले. दुसऱ्या वर्षी शोस्ताकोविच यांनी आपले दुसरे स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना), ओळखीला वीस वर्षे झाल्याची आठवण म्हणून, शेबालिन यांना अर्पण केले. याच काळात शेबालिन यांना १९४३ आणि १९४७ असे दोनदा स्तालिन पारितोषिक मिळाले. त्यामुळे पुढच्या वर्षी त्यांच्यावर जे कोसळले ते एखाद्या उपेक्षित माणसावर कोसळले नव्हते, तर सरकारनेच दोनदा गौरवलेल्या माणसावर कोसळले होते.

१९४८च्या जानेवारीत वानो मुरादेली यांच्या ‘महान मैत्री’ या ऑपेऱ्याचे निमित्त करून पक्षाच्या मध्यवर्ती समितीने संगीतकारांची बैठक बोलावली. अध्यक्षस्थानी पक्षाचे सांस्कृतिक धोरण राबवणारे नेते आंद्रेई झ्दानोव होते. संगीतात ‘फॉर्मॅलिझम’ कसा शिरला, म्हणजे जनतेला न कळणारी कारागिरी कशी वाढली, यावर बोलण्याची सर्वांकडून अपेक्षा होती. शेबालिन यांनी आपल्या बोलण्यात संस्थेच्या गैरसोयी मांडल्या आणि कॉन्झर्वेटरीचे छप्पर गळते आहे असे सांगितले. झ्दानोव यांनी समारोपाच्या भाषणात हाच मुद्दा उचलून धरला. छपराचे भोक लवकर बुजवता येईल, पण त्याहून मोठे भोक सोव्हिएत संगीताच्या पायालाच पडले आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले.

मला हा प्रसंग त्या संपूर्ण बैठकीचे सार वाटतो. ज्याच्यावर संस्था सोपवली होती तो माणूस विद्यार्थी जेथे बसतात त्या खोल्यांची चिंता करत होता. पावसाचे पाणी जर वाद्यांवर आणि पोथ्यांवर पडत असेल, तर शिकवणाऱ्यासाठी तो पायाचाच प्रश्न असतो.

१० फेब्रुवारी १९४८च्या ठरावात शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह, खाचातुरियान, शेबालिन, पोपोव आणि मियास्कोव्स्की यांची नावे होती. गुरू आणि शिष्य एकाच यादीत आले. शेबालिन यांचे संचालकपद गेले, त्यांच्या जागी समूहगायनाचे दिग्दर्शक अलेक्झांड्र स्वेश्निकोव आले, आणि शेबालिन यांना लष्करी बँडचे संचालक घडवणाऱ्या शाळेत संगीतशास्त्र शिकवत दिवस काढावे लागले. त्याच वर्षी संगीतकार संघाचे सर्वोच्च पद तिखॉन ख्रेन्निकोव यांच्याकडे गेले आणि ठरावाची भाषा व्यासपीठावरून मांडण्याचे काम त्यांनी केले. ख्रेन्निकोव १९३०च्या दशकात शेबालिन यांच्याच वर्गात शिकले होते.

१९५१ मध्ये शेबालिन यांना कॉन्झर्वेटरीत पुन्हा शिकवू दिले गेले. ठरावातील मूल्यमापन अन्यायाचे होते, हे पक्षाने १९५८च्या मे महिन्यात मान्य केले. मियास्कोव्स्की तोवर हयात नव्हते. ते १९५० मध्येच गेले होते.

डावा हात

१९५३ साली शेबालिन यांना मेंदूच्या आघाताचा पहिला झटका आला. उजव्या अंगावर परिणाम झाला आणि बोलणेही बिघडले. हळूहळू बोलणे बरेचसे परत आले, पण उजवा हात लिहिण्याच्या कामाचा राहिला नाही. तेव्हा पन्नाशी ओलांडलेला हा माणूस डाव्या हाताने नोटेशन लिहायला शिकला. शेक्सपिअरच्या नाटकावर आधारलेला ‘कर्कशेचे दमन’ हा त्यांचा ऑपेरा, जो अनेक वर्षे त्यांच्या मेजावर होता, या झटक्यानंतर पूर्ण झाला आणि १९५७ मध्ये बोल्शोई थिएटरमध्ये आला. तेथे कॅटरिनाची भूमिका गालिना विश्नेव्स्काया यांनी केली.

१९५९च्या ऑक्टोबरात दुसरा झटका आला, आणि तो फार मोठा होता. या वेळी हानी प्रामुख्याने भाषेची झाली. लुरिया यांनी केलेल्या तपासणीत शेबालिन यांना वस्तूंची नावे सांगणे जड जात होते, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणता येत नव्हते, साध्या सूचनांचा अर्थ लागत नव्हता, आणि लिहिणे-वाचणेही मोडले होते. शब्द कानावर पडतात पण स्पष्ट येत नाहीत, आणि आले तरी त्यांचा अर्थ पकडता येत नाही, असे त्यांनी स्वतः तुटक वाक्यांत सांगितल्याची नोंद आहे. हा मुकेपणा नव्हता आणि बहिरेपणाही नव्हता. ‘बाळ’ आणि ‘पाळ’ या दोन शब्दांत फरक कळतो तो ‘ब’ आणि ‘प’ यांतल्या बारीकशा भेदामुळे. हा भेद टिपणारे कान आपल्याला सवयीने सहज वाटतात, पण त्यामागे मेंदूच्या डाव्या कानशिलाकडील भागाचे काम असते. तोच भाग निकामी झाला की बोलणे म्हणजे ओळखीच्या लयीतला अनोळखी आवाज उरतो. मृत्यूनंतरच्या तपासणीत इजा डाव्या बाजूच्या याच भागात आणि त्याला लागून असलेल्या पार्श्विक भागात असल्याचे दिसले.

आता या अवस्थेतल्या माणसाने काय केले ते पाहू. आठवे स्ट्रिंग क्वार्टेट आणि चेलोचा सोनाटा १९६० सालचे आहेत, पाचवी सिम्फनी १९६२ सालची आणि नववे क्वार्टेट १९६३ सालचे. सिम्फनी त्यांनी मियास्कोव्स्की यांच्या स्मृतीला अर्पण केली. शोस्ताकोविच यांनी तिची मनापासून प्रशंसा केली. मित्राच्या आजारपणाला दिलेली ती सवलत नव्हती, तर पूर्ण शक्तीने लिहिलेल्या रचनेला दिलेली दाद होती.

सिम्फनी लिहिणे म्हणजे काय, हे ज्यांनी कधी असा कागद जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे थांबायला हवे. एका पानावर वरून खाली पंचरेषांच्या ओळी असतात. सर्वांत वर बासऱ्या, त्याखाली ओबो, क्लॅरिनेट, बसून, मग पितळी वाद्ये, मग तालवाद्ये आणि तळाला पाच ओळींत तंतुवाद्ये. हे सारे उभ्या रेषेत एकाच क्षणी वाजणार असते. बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा स्वर प्रत्यक्ष ऐकू येतो त्याहून एक पूर्ण स्वर वर लिहावा लागतो, व्हिओला या व्हायोलिनहून थोड्या मोठ्या वाद्यासाठी वेगळे स्वरचिन्ह वापरावे लागते, एका पानावर सुरू केलेला धागा वीस पानांनंतर दुसऱ्या वाद्यात परत आणायचा असतो. लेखकाला हे सगळे मनात एकाच वेळी धरून ठेवावे लागते, आणि कागदावर एक एक ठिपका करत उतरवावे लागते. शेबालिन हे काम, दोन-तीन शब्दांपलीकडचे वाक्य ज्यांच्या मनात टिकत नव्हते अशा अवस्थेत, डाव्या हाताने करत होते. स्वरलेखन हीदेखील खुणांचीच लिपी आहे, तरीही तिची आणि अक्षरांची वाट मेंदूत एक नाही असे या पानांनी दाखवून दिले.

येथे दुसरे एक प्रकरण शेजारी ठेवले म्हणजे तोल सुटत नाही. फ्रेंच संगीतकार मॉरिस रॅव्हेल यांनाही मेंदूच्या विकाराने ग्रासले होते. त्यांचा अभ्यास अलाजुआनिन यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. रॅव्हेल यांना संगीत ऐकू येई, चूक ओळखू येई, नव्या कल्पनाही मनात वाजत, पण त्या कागदावर आणता येत नव्हत्या, आणि आयुष्याच्या शेवटच्या चार-पाच वर्षांत त्यांच्या हातून नवी रचना उतरली नाही. म्हणजे ‘भाषा गेली तरी संगीत राहते’ असा सोपा नियम या दोघांवरून काढता येत नाही. इजा कोठे झाली, ती एकदम झाली की पसरत गेली, आणि माणसाची कारागिरी किती वर्षांची होती, यावर बरेच अवलंबून असते. शेबालिन यांच्या बाबतीत हे शेवटचे कारण कमी लेखू नये. चाळीस वर्षे रोज केलेले काम हातात आणि कानात अशा ठिकाणी जाऊन बसले होते, जेथे शब्दांची गरज उरली नव्हती.

या अभ्यासाला आणखी एक बाजू आहे, जी वैद्यकीय लेखात अर्थातच नाही. लुरियाही १९०२ सालीच जन्मले होते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रांवरही ठरावांची पाळी आली, तेव्हा त्यांना मज्जाशस्त्रक्रिया संस्थेतील आपली प्रयोगशाळा सोडावी लागली होती. तपासणारा आणि तपासला जाणारा, दोघांनाही आपापल्या क्षेत्रातून एकदा दूर सारले गेले होते, आणि दोघेही पुन्हा त्याच कामावर परतले होते.

वर्ग

लुरिया यांच्या लेखात एक वाक्य सहज वाचून पुढे जाण्यासारखे आहे, पण मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. शेबालिन यांनी विद्यार्थ्यांबरोबरचे काम चालू ठेवले, त्यांच्या रचना ऐकल्या, तोलल्या आणि सुधारल्या. आपल्याकडे कंठसंगीताच्या तालमीत गुरू गातो आणि शिष्य उचलतो, त्यामुळे शब्दांवाचून शिकवणे आपल्याला नवे वाटत नाही. पाश्चात्त्य रचनेचा वर्ग मात्र कागदावर आणि चर्चेवर चालतो. हा स्वर येथे का, हा भाग लांबला का, दुसरा विषय येण्याआधी जमीन तयार केली आहे का, असे प्रश्न विचारले जातात आणि विद्यार्थ्याने उत्तर द्यायचे असते. अशा वर्गातून बोलणे काढून टाकल्यावर पियानो, पेन्सिल आणि चेहरा एवढेच उरते.

या काळातल्या त्यांच्या विद्यार्थ्यांमध्ये सोफिया गुबायदुलिना होत्या. त्यांनी पदवीपर्यंतचे शिक्षण निकोलाय पेइको यांच्याकडे घेतले आणि १९५९ पासून १९६३ पर्यंत, म्हणजे नेमक्या वाचाघाताच्या वर्षांत, पुढचे शिक्षण शेबालिन यांच्याकडे. पदवीच्या वेळी शोस्ताकोविच यांनी त्यांना आपल्या ‘चुकीच्या’ वाटेनेच चालत राहा असे सांगितले होते, आणि लगेच त्यांना शिक्षक मिळाले ते असे, ज्यांच्यापाशी वाट सांगायला शब्दच नव्हते. २०२५ मध्ये वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी गुबायदुलिना जर्मनीत निवर्तल्या, तेव्हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मोठ्या संगीतकारांत त्यांची गणना होत होती.

त्याआधी एडिसन डेनिसोव आले होते. तोम्स्क विद्यापीठात गणित शिकलेल्या या तरुणाने आपल्या रचना शोस्ताकोविच यांना टपालाने पाठवल्या. त्यांनी धीर दिला, आणि १९५१ मध्ये डेनिसोव शेबालिन यांच्या वर्गात दाखल झाले. पुढे सोव्हिएत नवसंगीताचे ते एक मुख्य नाव ठरले. त्याच वर्षांत एस्तोनियाचे व्हेल्यो टॉर्मिस शेबालिन यांच्याकडे शिकत होते. आपल्या लोकांची जुनी गाणी समूहगायनात आणण्याचे त्यांचे काम पुढे जगभर गायले गेले. १९५३ मध्ये शेबालिन यांच्याच वर्गातून पदवी घेतलेल्या अलेक्झांड्रा पाखमुतोवा यांची गाणी सोव्हिएत संघातल्या घराघरांत रेडिओवर वाजली. आणखी एक शिष्य निकोलाय कारेत्निकोव यांनी सप्तकातले बाराही स्वर समान मानणाऱ्या पद्धतीचा रस्ता धरला. आणि ख्रेन्निकोव तर होतेच.

ही नावे एका ओळीत ठेवल्यावर शैलीच्या दृष्टीने त्यांत काहीच समान दिसत नाही. एखाद्या शिक्षकाचा वारसा शोधताना आपण त्याच्या शिष्यांमध्ये त्याचा ठसा शोधतो, आणि शेबालिन यांच्या बाबतीत तो ठसा सापडत नाही, म्हणून त्यांचा वारसा नाही असे समजण्याची चूक सहज होते. मला याचे उत्तर मुसोर्ग्स्कींच्या त्या अपुऱ्या ऑपेऱ्यात दिसते. जो आपला हात न दाखवता दुसऱ्याचे काम पूर्ण करू शकतो, त्याच्या वर्गातून त्याच्यासारखे कोणी बाहेर पडत नाही, प्रत्येक जण स्वतःसारखा बाहेर पडतो.

यातून काय काय निघू शकते हे १९७९ साली दिसले. संगीतकार संघाच्या सहाव्या अधिवेशनात ख्रेन्निकोव यांनी परवानगीशिवाय पश्चिमेत रचना वाजवल्याबद्दल सात संगीतकारांवर नावे घेऊन टीका केली. त्या सातांत डेनिसोव होते आणि गुबायदुलिनाही होत्या. आरोप करणारा आणि ज्यांच्यावर आरोप झाला त्यांतले दोघे, असे तिघेही एकाच शिक्षकाच्या हाताखालून गेलेले. १९४८ मध्ये त्या शिक्षकाचे स्वतःचे नाव अशाच यादीत होते. म्हणून चांगल्या शिकवण्याने माणसाचे धैर्य घडते असे मी म्हणणार नाही. शेबालिन यांच्या वर्गात स्वरांचा प्रामाणिकपणा शिकवला जात होता. त्याचे पुढे काय करायचे हे प्रत्येकाने आपापले ठरवले.

शेबालिन १९६३च्या मे महिन्यात गेले. त्यांचा मुलगा दिमित्री शेबालिन १९५३ पासून बोरोदिन क्वार्टेट या चार वादकांच्या संचात व्हिओला वाजवत होता आणि १९९६ पर्यंत वाजवत राहिला. या चौघांनी शोस्ताकोविच यांची क्वार्टेट्स वर्षानुवर्षे वाजवली आणि ध्वनिमुद्रित केली, आणि त्यांत वडिलांना अर्पण केलेले दुसरे क्वार्टेटही होते. त्याचा शेवटचा भाग एका धुनीवरच्या विस्तारांचा आहे. सुरुवातीच्या संथ ओळी संपल्या की बाकीची तीन वाद्ये थांबतात, आणि ती धून पहिल्यांदा एकटा व्हिओला वाजवतो.